चार फुटी फिश टँकसाठी लाकडी स्टँड: माप, लाकूड, जोडणी आणि नेमकं कुठे बिघडतं

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच टँक बाहेरच्या मापानं १२ घनफुटांचा, म्हणजे जवळपास ३४० लिटरचा होतो. काचेची जाडी, वरची दोन इंच मोकळी जागा आणि तळाची वाळू-दगड वजा केले तरी २६० लिटरच्या आसपास पाणी बसतं. १२ मिमी काच चौरस मीटरला ३० किलो भरते, त्यामुळे रिकामा टँकच ७५ ते ८० किलोंचा. दोन इंच वाळूचा थर ४० किलोंच्या पुढे, शोभेचे दगड १५-२० किलो, वर झाकण, लाइट, फिल्टर. बेरीज चारशे किलोंवर जाते. स्टँडचं स्वतःचं वजन धरलं की फरशीवर पाचशे किलोंच्या घरात भार येतो, आणि तो चोवीस तास तिथेच असतो.

आकडा ऐकून माणसं लाकूड जाड करत सुटतात. पण लाकडाच्या ताकदीची अडचण इथे फारशी नसतेच. सागवानाचा चार बाय दोनचा सरळ, आखूड पाय हा सगळा भार एकटा पेलू शकतो. टँक फुटतो तो स्टँडच्या माथ्याला पीळ असल्यामुळे, नाहीतर सांगाडा बाजूला कलल्यामुळे. काच वाकत नाही. तीन कोपरे टेकले आणि चौथा दोन मिलिमीटर अधांतरी राहिला, की तळाच्या काचेवर आणि सिलिकॉनच्या सांध्यावर ताण साठत जातो, आणि मग एखाद्या रात्री कोपऱ्यातून चीर जाते. म्हणून या कामात माथा सपाट राखायचा, सांगाडा डुलू द्यायचा नाही, आणि भार लाकडावरून लाकडावर थेट जमिनीत उतरवायचा. स्क्रूनं फक्त धरून ठेवायचं, वजन त्याच्यावर टाकायचं नाही.

आधी जागा

मराठवाड्यातली बरीच घरं काळ्या मातीवर उभी आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. जोत्यात मुरूम नीट चोपलेला नसेल तर फरशी दर वर्षी थोडी हलते. तळमजल्यावर टँक ठेवणार असाल तर फरशीवर नाण्यानं किंवा किल्लीनं ठोकून बघा. पोकळ आवाज आला की त्या शहाबादीखाली किंवा टाइलखाली भर बसलेली आहे. तिथे स्टँड ठेवू नका, ठेवायचाच असेल तर आधी फरशी काढून खाली काँक्रीट भरून घ्या.

वरच्या मजल्यावर भिंतीला लागून, शक्यतो खाली बीम किंवा भिंत असेल अशा ठिकाणी ठेवा. राहत्या खोल्यांचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरून केलेला असतो आणि हा स्टँड अर्ध्या चौरस मीटरवर पाचशे किलो टाकतो. खोलीच्या मधोमध किंवा बाहेर काढलेल्या गॅलरीत म्हणूनच ठेवायचा नाही. जुन्या वाड्यात माडीवर तर विषयच नाही. खिडकीतून थेट ऊन येणारी जागा शेवाळामुळे वाईट, आणि कूलरच्या झोताची जागा लाकडामुळे वाईट. उन्हाळाभर दमट हवा एकाच बाजूनं लागली की तेवढीच बाजू फुगते.

कोणतं लाकूड

पहिली पसंती सागवानाला. नव्यापेक्षा जुनं मिळालं तर सोनं. माळवदाची घरं पाडली जातात तेव्हा त्यातल्या तुळया आणि खांब जुन्या लाकडाच्या बाजारात येतात. पन्नास-साठ वर्षं घरात राहिलेलं हे लाकूड आता वळायचं ते वळून झालेलं असतं. मात्र त्यात मोडके खिळे आणि भेगांत माती असते. कापायला नेण्याआधी प्रत्येक तुकड्यावरून लोहचुंबक फिरवा, तारेच्या ब्रशनं भेगा साफ करा. खिळ्यावर करवत गेली तर सॉ मिलवाला पातं भरून मागेल, आणि त्यात त्याची चूक नाही. टोकाला लाकूड पोकळ वाजत असेल किंवा बारीक भुकटी गळत असेल तर तो भाग सरळ छाटून टाका.

बाभूळ भक्कम खरी, पण ओली असताना कापली तर वाळताना पिळते आणि भुंगा लवकर लागतो. बैलगाडीला चालते, काचेखाली नको. कडुनिंब वळतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाण्याकडे कारखान्यांच्या पेटाऱ्यांचं पाइन विकायला असतं. ते चालतं, पण पातळ फळ्या एकावर एक ठोकून नव्हे. अख्खा चार बाय दोनचा बत्ता, मोठ्या गाठीशिवायचा मिळाला तरच घ्या. त्यावर ‘एचटी’ शिक्का असेल तर ते उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं, ‘एमबी’ असेल तर विषारी वायूची धुरी दिलेलं. एमबीचं घरात आणू नका.

लाकूड वाळलंय का, हे बघायची साधी रीत म्हणजे एक तुकडा वजन करून त्यावर आकडा लिहायचा आणि ज्या खोलीत टँक ठेवायचा तिथे आठवडाभर ठेवून पुन्हा वजन करायचं. वजन उतरलं तर लाकूड अजून ओलं आहे. पावसाळ्यात वखारीतून आणलेले बत्ते मध्ये पट्ट्या घालून तीन-चार आठवडे सावलीत रचून ठेवावेत. एप्रिल-मेमध्ये इथली हवा इतकी कोरडी होते की ओल्या लाकडाची चार इंची रुंदी एक-दोन मिलिमीटर सहज कमी होते. लांबी मात्र जवळजवळ बदलत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे जोडपट्टीच्या मापात तो कामाला येणार आहे.

काय आणायचं

चार बाय दोन इंचाचे, प्रत्येकी ७ फूट लांबीचे सात बत्ते. हे पावणेतीन घनफुटांपेक्षा किंचित कमी भरतं. रंधा मारल्यावर त्यांचं माप पावणेचार बाय पावणेदोन इंच होतं आणि खालची सगळी मापं तेच धरून आहेत. चारही बाजू मशीनवर गुण्यात (काटकोनात) काढून आणा. हाताच्या रंध्यानं सातही बत्ते एकसारखे होणं कठीण.

प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे मरीन. माथा आणि दोन दारांसाठी १८ मिमीचा ६ बाय ४ फुटांचा एक, पाठ आणि दोन बाजूंसाठी १२ मिमीचा ८ बाय ४ चा एक. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ कितीही देखणं दिसलं तरी नको. पाण्याचा एक ओघळ कडेतून आत शिरला की ते पावासारखं फुगतं.

फेव्हिकॉल मरीन १ किलो. स्क्रू गंज न धरणारे: १०० मिमीचे २५, ७५ मिमीचे ५०, ३८ मिमीचे १००. जिप्समच्या कामाचे काळे स्क्रू स्वस्त मिळतात, पण ते कडक असून बाजूनं जोर आला की मोडतात आणि ओलीत गंजतात.

कापायची मापं, टँक नेमका ४८ बाय १८ इंचांचा धरून:

लांब पट्ट्या ४, प्रत्येकी साडेअठ्ठेचाळीस इंच
आडव्या पट्ट्या ६, प्रत्येकी १५ इंच
पाय ५, प्रत्येकी पावणेबावीस इंच
जोडपट्ट्या ५, प्रत्येकी २९ इंच

चार बत्त्यांतून प्रत्येकी एक लांब पट्टी आणि एक जोडपट्टी. पाचव्यातून एक जोडपट्टी, एक पाय, दोन आडव्या. सहाव्यातून तीन पाय, एक आडवी. सातव्यातून एक पाय, तीन आडव्या. अशा वाटणीत वाया फारसं जात नाही. पण करवत लावण्यापूर्वी टँक हातात असू द्या. स्थानिक दुकानात बनवलेला टँक सांगितलेल्या मापापेक्षा दोन सूत इकडेतिकडे असू शकतो (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). स्टँडचा माथा चारही बाजूंनी टँकपेक्षा दोन सूत जास्त हवा, कमी कधीच नको.

पाचही पाय एकाच मापाचे असणं सगळ्यात महत्त्वाचं. टेपनं एकेक मोजून कापू नका. पाचही तुकडे थोडे लांब कापा, एकत्र आवळा, गुण्या लावून एकाच वेळी टोकं साफ करा. मग सपाट टेबलावर उभे करून वरून हात फिरवा. बोटाला जे लागतं ते काचेलाही लागणार असतं.

चौकट

लांब पट्टी कडेवर उभी वापरायची, म्हणजे पावणेचार इंचांची बाजू उभ्यात. तीच पट्टी आडवी निजवली तर त्याच वजनाखाली साडेचार पटींहून जास्त वाकते. समोर मधला पाय न ठेवता फिल्टर आत-बाहेर करायला मोकळी जागा मिळते ती या उभ्या पट्टीच्या जिवावर. तीन बाय दोनचं लाकूड वापरायचं असेल तर समोरही मधला पाय द्यावा लागेल.

दोन लांब पट्ट्या समांतर, त्यांच्या मध्ये दोन टोकांना एकेक आणि मधोमध एक आडवी पट्टी. सांध्याला फेव्हिकॉल, मग लांब पट्टीच्या बाहेरून आडवीच्या टोकात १०० मिमीचे दोन-दोन स्क्रू. सागवानात आधी छिद्र न पाडता स्क्रू हाणला तर टोक चिरतं. म्हणून स्क्रूच्या आट्यांपेक्षा बारीक बीटनं छिद्र पाडून घ्या. स्क्रू आवळण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे हवेत आणि ५१ इंच ७ सुतांच्या आसपास यायला हवेत. फरक असेल तर लांब कर्णाच्या टोकांना पक्कड (क्लॅम्प) लावून आवळा. अशा दोन चौकटी, एक वरची आणि एक खालची.

मे महिन्यात दुपारी हे काम करू नका. गरम वाऱ्यात फेव्हिकॉलवर दोन मिनिटांत साय धरते आणि सांधा वरवर चिकटतो, आतून कोराच राहतो. सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर करा, आणि एक रात्र पक्कड काढू नका.

पाय आणि जोडपट्टी

खालच्या चौकटीच्या चार कोपऱ्यांवर, लांब पट्टीच्या नेमकं वर, चार पाय उभे राहतात. पायाची रुंदी लांब पट्टीच्या दिशेनं, बाहेरची बाजू पट्टीशी एका पातळीत. पाचवा पाय मागच्या लांब पट्टीवर मध्यभागी, त्याची एक कड मधल्या आडव्या पट्टीच्या एका कडेशी जुळवून. त्यावर वरची चौकट ठेवायची. आता टँकचा भार माथ्यावरून पट्टीत, पट्टीतून पायात, पायातून खालच्या पट्टीत आणि तिथून फरशीत जातो. मध्ये एकही स्क्रू वजन झेलत नाही. लोखंडी कोन लावून बाजूनं टांगलेली चौकट आणि ही चौकट यात फरक आहे तो हाच.

पण हे पाय नुसते उभे आहेत. घडवंचीला घागरी भरून धक्का दिला की ती जशी डुलते, तसा हा सांगाडा आत्ता डुलेल. म्हणून प्रत्येक पायाच्या आत एक जोडपट्टी, जी वरच्या चौकटीपासून खालच्या चौकटीपर्यंत जाते. कोपऱ्यात ती लांब पट्टीच्या आतल्या अंगाला आणि आडव्या पट्टीच्या कुशीत बसते आणि पायावर दोन इंच चढते. वरच्या लांब पट्टीत दोन, खालच्या लांब पट्टीत दोन, पायात तीन, आणि आडव्या पट्टीतून वर-खाली एकेक, असे ७५ मिमीचे नऊ स्क्रू.

चौकटींची बाहेर-बाहेर उंची सव्वाएकोणतीस इंच येते आणि जोडपट्टी २९ इंच कापायची, म्हणजे दोन सूत कमी. खालून पातळीत लावा, कमीपणा वर राहू द्या. कारण वर सांगितलंच: लाकूड रुंदीत आक्रसतं, लांबीत नाही. वरच्या-खालच्या पट्ट्या पहिल्या उन्हाळ्यात किंचित बसतील, जोडपट्टी तेवढीच राहील. ती चौकटीच्या बरोबरीची कापली तर तिचं टोक वर येऊन माथ्याच्या प्लायला खालून टोचायला लागेल. बरेच चांगले सुतार इथे सगळं नीट एकपातळी करण्याच्या हौसेत फसतात.

मागचा आणि बाजूचा प्लाय झाकण्यापुरता नाही. १२ मिमीचा प्लाय फेव्हिकॉल लावून, दर सहा इंचांवर ३८ मिमीचा स्क्रू मारून चौकट, पाय सगळ्यांना बांधला की सांगाडा तिरका होण्याची शक्यताच संपते. पाठ साडेअठ्ठेचाळीस बाय २९ इंच, तीही वरून किंचित खाली. बाजू १९ बाय तेवढ्याच, म्हणजे पाठीची कड झाकली जाते. पाइप आणि वायरींची भोकं दोन-अडीच इंचांची, गोल, कडेपासून किमान चार इंच आत. पाठीत मोठा चौकोन कापून ‘हवेला जागा’ करणारे बरेच असतात. त्यानं पाठीची सगळी ताकद जाते.

माथा

१८ मिमीचा प्लाय साडेअठ्ठेचाळीस बाय साडेअठरा. आधी नुसत्या चौकटीचा पीळ तपासा. समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोरे ताणून बांधा. मध्यभागी ते एकमेकांना जेमतेम शिवले पाहिजेत. वरचा दोरा अधांतरी राहिला किंवा खालच्यानं त्याला वर ढकललं तर चौकटीला पीळ आहे. मग उंच कोपरा रंध्यानं उतरवा. प्लाय चढवल्यावर लांब सरळ ॲल्युमिनियमची पट्टी लांबीत, रुंदीत आणि कर्णात ठेवून खालून एटीएम कार्ड सरकवून बघा. कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं. ते आत गेलं तर काम बाकी आहे. माथ्याचे स्क्रू आठ पुरेत, डोकी एक मिलिमीटर आत बुडालेली हवीत.

टँकची तळकाच उघडी असेल, जशी इथल्या बहुतेक सिलिकॉननं जोडलेल्या टँकांची असते, तर मध्ये १० ते १२ मिमी थर्माकोलचा अखंड तुकडा घाला. तो वाळूचा कण, रंगाचा थेंब गिळतो. मोठा पीळ गिळत नाही, त्यामुळे वाकडा माथा झाकायला थर्माकोलचे दोन थर घालणं निरुपयोगी. तळाला प्लास्टिकची चौकट असलेला तयार टँक असेल तर थर्माकोल अजिबात नको. त्याचं वजन कडांवर बसायचं असतं आणि मऊ थर मधल्या काचेला खालून रेटतो. कोपऱ्याखाली पुठ्ठ्याची घडी तर दोन्ही प्रकारांत नको.

रंग

रंग दिसणाऱ्या भागापेक्षा न दिसणाऱ्या भागाला जास्त लावा. लाकडाची कापलेली टोकं, प्लायच्या कडा, खालच्या चौकटीची बूड आणि पाइपच्या भोकांच्या आतली कड इथून पाणी शिरतं. प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन हात, किंवा पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) तीन हात. वाळवीचं औषध लावायचं तर ते रंगाआधी, अंगणात, आणि टँक घरात येण्याच्या कितीतरी आधी. त्याचा अंशही पाण्यात उतरला तर मासे जगत नाहीत. पिचकारीचं औषध मागाहून मारू नका.

दारं १८ मिमीच्या उरलेल्या प्लायमधून २४ बाय २८ इंचांची दोन. ती खालून थोडी वर ठेवा, जुलैत फुगून घासणार नाहीत.

उभा करणं आणि पाणी भरणं

स्टँड जागेवर ठेवून पाणसळ (स्पिरिट लेव्हल) लांबी-रुंदीत लावा. चार फुटांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका. पाणसळ आखूड असेल तर गवंड्याची पारदर्शक नळी जास्त विश्वासाची. उतार काढायला पीव्हीसी किंवा ॲक्रिलिकचे सपाट तुकडे घाला, आणि ते पाचही पायांच्या नेमके खाली. फक्त एका कोपऱ्याखाली पाचर मारली की चौकट पिळते आणि वर केलेली सगळी मेहनत वाया जाते. लाकडाची पाचर वजनानं दबते. पायांखाली चार-पाच मिलिमीटरचा तुकडा असल्यानं फरशी पुसल्याचं पाणीही बुडाशी साचत नाही.

मग माथ्यावर फळी टाकून चार मोठी माणसं बसवा आणि पाचव्यानं लांब बाजूनं कमरेनं ढकलून बघावं. करकर आवाज किंवा डोलणं जाणवलं तर स्क्रू कुठेतरी नीट बसलेला नाही.

किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप लातूर-धाराशिवकडे कुणी विसरलेलं नाही, आणि हिंगोली परिसरात २०२४ मध्येही जमीन हादरली आहे. वरच्या मागच्या पट्टीतून भिंतीला दोन लोखंडी कोन लावून टाका. मुलं लटकली तरी त्याचा उपयोग होतो. कोनाचं भिंतीकडचं भोक लांबट असावं, म्हणजे फरशी हंगामानुसार थोडी खाली-वर झाली तरी स्टँड भिंतीला टांगला जाणार नाही.

पाणी एका दमात भरू नका. एक तृतीयांश भरा, पाणसळ बघा, पाण्याची पातळी काचेवर चारही कोपऱ्यांत टेपनं मोजा. दोन तृतीयांश, पुन्हा तेच. पूर्ण भरल्यावर एक दिवस वाळू, दगड, मासे काहीही न घालता ठेवा. बीड-लातूरकडे उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या घरात हे २८० लिटर जड वाटतात. ते सायफननं काढून कूलरला, झाडांना वापरता येतं, पण ही चाचणी टाळू नका. चारही कोपऱ्यांच्या मापात तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर टँक रिकामा करूनच पाचरी बदला. भरलेल्या टँकखाली पहार घालून स्टँड उचलणं म्हणजे काच फोडण्याचीच तयारी.

वायरी बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोल देऊन न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोलावरून गळतं, बोर्डात शिरत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड स्टँडच्या तळाशी न ठेवता आतून बाजूच्या प्लायला वर अडकवा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग माथ्याच्या कडेला एकाच जागी वारंवार दिसू लागले तर ते पुसून सोडून देऊ नका. तिथल्या काचेच्या सांध्यातून किंवा पाइपच्या जोडातून थेंब गळत असणार.

पहिल्या वर्षी दोनदा पाणसळ लावायची: मृगाच्या आधी, जमीन पूर्ण वाळलेली असताना, आणि गणपती झाल्यावर, ती पूर्ण भिजलेली असताना. दोन्ही वेळचे आकडे दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवा.